रेसच्या गाडीत कुठलं पेट्रोल घालू? आधी हेड मोजा, मग पंप शोधा

प्रश्न सोलापूरच्याच एका तरुण मित्राचा आहे. यामाहा आर१५ व्ही४ घेतली आहे. हेड (सिलिंडरवरचं झाकण) ‘अंदाजे अर्धा मिलिमीटर’ फेस करून, म्हणजे खालून घासून घेतलंय, सायलेन्सर बदललाय, वर पिगीबॅक बॉक्स (इंधनाचं प्रमाण बदलणारी जोडपेटी) लावलाय. पुढच्या मोसमात कोइमतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर हौशी गटात उतरायचं मनात आहे. विचारणं असं, की पुण्याहून १०० ऑक्टेनचं पेट्रोल कॅनमधून आणावं, का पंपावरच्या पेट्रोलात ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतावी, का परदेशी रेस फ्युएल मागवावं? आणि शेवटी, ‘कशानं गाडी जास्त पळेल?’

गोची त्या शेवटच्या वाक्यात आहे. पेट्रोलानं गाडी पळते हे खरं, पण ऑक्टेनचा आकडा वाढवल्यानं पळत नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाची ताकद नव्हे, त्याची सहनशक्ती. किती दाब आणि किती उष्णता सोसून ते ठिणगी पडेपर्यंत आणि पडल्यावरही शहाण्यासारखं जळेल, एवढंच तो आकडा सांगतो. तुमच्या इंजिनाला ९५ पुरत असेल तर १०० घालून मिळणार शून्य. उलट इंजिनाला ९८ लागत असेल आणि तुम्ही ९५ घालाल, तर पिस्टन जाईल. म्हणून मी प्रश्न फिरवून विचारतो. तुमच्या इंजिनाला नेमकं किती लागतं, हे तुम्हाला माहीत आहे का? ‘अंदाजे अर्धा मिलिमीटर’ वाचलं आणि उत्तर मिळालं.

आधी हिशेब करू. आर१५ चा बोर (सिलिंडरचा व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५८.७ मिमी, म्हणजे १५५ सीसी. कंपनीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत आलेलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११.६ ला एक. याचा अर्थ पिस्टन वर टोकाला असताना वर उरणारी जागा साधारण १४.६ सीसी. बोरचं क्षेत्रफळ धरलं तर ०.३ मिमी घासल्यावर त्यातली पाऊण सीसीहून थोडी जास्त जाते आणि कॉम्प्रेशन १२.२ च्या आसपास येतं. अर्धा मिमी घासला तर १२.६ च्या वर. म्हणजे तुमच्या ‘अंदाजे’ या शब्दात जवळजवळ अर्धा पॉइंट कॉम्प्रेशन दडून बसलंय, आणि पेट्रोल कुठलं हे ठरतं ते नेमकं तिथंच. त्यात हेडमधल्या खोलगट भागाचं तोंड बोरएवढं असेलच असं नाही, त्यामुळे कागदावरचा हिशेबही अंदाजच. खरं उत्तर बुरेटनं (खुणांच्या मापाच्या काचनळीनं) मिळतं. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी चिकटवायची आणि बुरेटमधून पातळ तेल सोडत मोजायचं. गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) जाडी आणि पिस्टनचा उंचवटा वेगळा धरायचा. तासाभराचं काम आहे. आपल्याकडे हेड फेस करून देणारे पुष्कळ आहेत, पण मोजून देणारा मागायला लागतो.

आणखी एक. हेड खाली आलं की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) जवळ येतो, चेनला ढील मिळते आणि कॅम टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, थोडं मागं सरकतं. पुष्कळ जण तो फरक पेट्रोलाच्या नावावर खपवतात.

आता नॉकिंग म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पोचण्याआधी कडेला उरलेलं मिश्रण दाबलं जात असतं, तापत असतं. ते सोसेनासं झालं की ज्वालेची वाट न बघता एकदम पेटतं. दाबाच्या लाटा उठतात आणि पिस्टनवर जो गॅसचा पातळ संरक्षक थर असतो तो उडवून लावतात. मग अॅल्युमिनियम उघडं पडतं, रिंगच्या खाचा तुटतात. गावात हळू चालवताना टकटक कानावर येते. ट्रॅकवर दहा हजार आरपीएमला, हेल्मेटमध्ये, उघड्या सायलेन्सरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तुमच्या गाडीला नॉक सेन्सरही नाही, म्हणजे ईसीयूलाही (इंजिनाच्या संगणकालाही) काही कळत नाही. कळतं ते प्लगला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरीपूड सांडल्यासारखे काळे ठिपके किंवा चमकदार अॅल्युमिनियमचे बारीक कण दिसले, तर पिस्टन झिजायला लागलाय असं समजा.

आकड्यांचा एक घोळ मोकळा करतो, कारण अर्धी दिशाभूल त्यात होते. आपल्या पंपावर लिहिलेला ऑक्टेनचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) असतो. तो एका चाचणी इंजिनावर, ६०० आरपीएमला मोजतात. दुसरा आकडा एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर), तो ९०० आरपीएमला आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून मोजतात. रेसच्या इंजिनाची अवस्था दुसऱ्या चाचणीच्या जास्त जवळची. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडचा माणूस व्हिडिओत ‘९३ घाला’ म्हणतो तेव्हा ते आपल्या हिशेबात साधारण ९८ असतं. रेस फ्युएलच्या डब्यावर ११० लिहिलेलं असेल तर ते आरओएन, एमओएन की सरासरी, हे बघितल्याशिवाय तुलना करूच नका. बूस्टरच्या बाटलीवर ‘३० पॉइंट वाढ’ लिहिलेलं असतं, तिथं एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. तीस पॉइंट म्हणजे तीन. ९५ चं १२५ होत नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. पण त्याआधी एक चौथा आहे. त्याचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत आणि तोच बहुधा तुमच्या वाट्याला येणार आहे. तो म्हणजे आयोजक देतील ते.

हौशी असो की राष्ट्रीय, प्रत्येक शर्यतीची नियमपुस्तिका असते. त्यात इंधनाचं कलम असतं. कुठे ‘बाजारात मिळणारं पंपावरचं पेट्रोल’ असतं, कुठे ट्रॅकवरूनच इंधन घ्यावं लागतं, कुठे कोणतंही अॅडिटिव्ह चालत नाही. वन-मेक गटात गाडीच कंपनीची, तिथं तुमच्या हातात टाकीचं झाकणसुद्धा नसतं. मोटरसायकल शर्यतींचा आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएमची अनलेडेड पेट्रोलाची चौकट वर्षानुवर्षं आरओएन ९५ ते १०२ अशी राहिली आहे, म्हणजे वरच्या बाजूलाही कुंपण आहेच. टाकीतून नमुना काढून घेऊ शकतात आणि त्यात न चालणारी गोष्ट निघाली तर निकाल जातो. म्हणून आधी पुस्तिका मागवा, इंधनाचं कलम वाचा आणि शंका राहिली तर फोन न करता मेल करून लेखी उत्तर घ्या. पॅडॉकमध्ये ‘चालतंय की भावा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. नमुना गेल्यावर त्यातला एकही शेजारी उभा नसतो.

समजा तुमच्या गटात पंपावरचं पेट्रोल आहे. आता ते बहुतेक ई२० असतं, शंभरात वीस भाग इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे हे बऱ्याच अंशी आपल्याच उसाचं देणं आहे असं मी गमतीनं म्हणतो. लोक ई२०ला नावं ठेवतात आणि मायलेजच्या बाबतीत ती रास्तही आहेत. पेट्रोलात किलोमागं साधारण ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २७ च्या आसपास. पण रेसच्या नजरेनं बघा. इथेनॉलचा स्वतःचा आरओएन १०८ च्या घरात आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलाच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. म्हणजे नॉकिंग दाबायला ते चांगलंच औषध आहे. एमओएन मात्र तेवढा चढत नाही, तो ९० च्या आसपास राहतो, त्यामुळे उंच आरपीएमला फायदा कागदावरच्या आरओएनएवढा दिसत नाही.

ई२०चा खरा त्रास वेगळा आहे, आणि तुमच्या पुण्याच्या कॅनशी त्याचा थेट संबंध आहे.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला ९ पट. ई२०ला हिशेबानं साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल नसलेल्या पेट्रोलापेक्षा ई२० आठ-नऊ टक्के जास्त सोडावं लागतं. तुमच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर आहे, तो हे सांभाळून घेतो, पण अर्ध्या अॅक्सिलरेटरवर रमतगमत चालवताना. पूर्ण अॅक्सिलरेटर ओढला की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि साठवलेल्या नकाशाप्रमाणे, म्हणजे मॅपप्रमाणे, इंधन मारतो. रेसमध्ये आपण असतो ते तिथंच.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला, त्याचं असंच झालं होतं. पुण्यात डायनोवर (रोलरवर चालवून गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी बसवली ती इथेनॉल नसलेल्या १०० ऑक्टेनवर. मिश्रण सुरेख, आलेख सुरेख. ट्रॅकवर गेला तर तिथं सगळ्यांना एकच पंपाचं इंधन. दुसऱ्या सत्रात गाडी सरळ रस्त्यावर मलूल, तापमान चढलेलं, प्लग खडूसारखा पांढरा. त्यानं सोलापुरात फोन केला आणि म्हणाला, ‘पेट्रोल भेसळीचं आहे’. भेसळ नव्हती. गाडी लीन झाली होती, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडत होतं. पिगीबॅकवर अॅक्सिलरेटरच्या वरच्या रकान्यांत आधी चार, मग आणखी तीन टक्के इंधन वाढवायला सांगितलं. पुढच्या सत्रात गाडी होती तशी झाली. महागातलं पेट्रोल घरी वापरून त्यानं स्वतःचंच नुकसान करून घेतलं होतं.

आपल्याकडच्या रंगाऱ्याला विचारा. चादरीचा अख्खा लॉट एकाच बॅचच्या रंगात काढतात. मधेच दुसऱ्या डब्यातला रंग घेतला तर छटा उतरते आणि माल परत येतो. दुसरा डबा वाईट असतो म्हणून नव्हे, तो फक्त वेगळा असतो. पेट्रोलाचं अगदी तसंच. रेस ज्या इंधनावर, सराव त्याच इंधनावर, ट्यूनिंगही त्याच इंधनावर. हे एक पाळलंत तर बाकी निम्म्या चुका आपोआप टळतात. इंधन आधी ठरवा, त्यावर मॅप बसवा, मग मोसम संपेपर्यंत हात लावू नका.

मिश्रण बघायचं मीटर लावणार असाल तर त्यावर एएफआर (हवा-इंधनाचं वजनी प्रमाण) न बघता लॅम्डा बघा, म्हणजे त्या इंधनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळतेय ते. मीटर १२.८ दाखवतं ते पेट्रोल धरून केलेलं भाषांतर असतं, टाकीत ई२० असो की आणखी काही. लॅम्डा इंधन बदललं तरी खोटं बोलत नाही. अशा छोट्या सिंगल इंजिनाला मी पूर्ण अॅक्सिलरेटरवर ०.८६ ते ०.८८ वर सुरुवात करतो आणि प्लग बघत पुढे जातो.

आता १०० ऑक्टेन. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, पहिल्या यादीत पुणे-मुंबई होतं, भाव तेव्हा १६० रुपयांच्या घरात. पेट्रोल चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न एवढाच की तुम्हाला ते लागतं का. स्टॉक आर१५ असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं, कंपनीनं ती साध्या पेट्रोलावर चालायलाच बनवली आहे. १२.२ ला कॉम्प्रेशन असेल आणि टायमिंग (कॅमचं नव्हे, ठिणगीचं) कंपनीचंच असेल, तर पंपाच्या ९५ वर बहुतेक निभावतं. लिक्विड कूलिंग आहे, सिलिंडर लहान आहे, ज्वालेला कमी अंतर कापायचं असतं, ही तुमची जमेची बाजू. १२.६ च्या वर गेलात आणि टायमिंगही पुढे ओढलंत, तर मग वरच्या ऑक्टेनचा विचार खरा.

हे ठरवायची माझी पद्धत सोपी आहे, फक्त डायनोचा अर्धा दिवस लागतो. गाडी एकाच तापमानाला आणून तीन वेळा ओढायची आणि सरासरी घ्यायची. मग टायमिंग एक अंश पुढे, पुन्हा तीन वेळा. असं करत जायचं. ताकद वाढत वाढत एका जागी सपाट झाली आणि तोवर नॉकिंग नाही, तर आहे ते पेट्रोल पुरेसं आहे, विषय संपला. ताकद अजून वाढतच होती आणि मधेच नॉकिंग आलं, तर ऑक्टेन कमी पडतंय आणि वरच्या पेट्रोलाला पैसे मोजण्यात अर्थ आहे. या दोन्हींपैकी काय होतं ते न बघता घेतलेलं महाग पेट्रोल म्हणजे डोळे न तपासता घेतलेला चष्मा. डायनो नसेल तर टायमिंगला हात न लावता नवीन प्लग घालून ट्रॅकच्या सराव सत्रात तपासा. विजापूर रोडच्या बायपासवर रात्री पूर्ण अॅक्सिलरेटर ओढून प्लग बघायचे उद्योग आम्ही तरुणपणी केलेत. तुम्ही करू नका. ट्रकवाल्याला तुमच्या प्लगशी घेणंदेणं नसतं.

जागेचा परिणाम मात्र लक्षात ठेवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, कोइमतूर चारशेच्या थोडं वर, म्हणजे जवळजवळ सारखंच. चेन्नई समुद्राला लागून. तिथं हवेचा दाब आपल्यापेक्षा पाचेक टक्के जास्त, सिलिंडरमध्ये हवाही तेवढी जास्त भरते. ताकद वाढते आणि सोबत नॉकिंगची शक्यताही. इथं आणि कोइमतूरला गप्प असलेलं इंजिन चेन्नईत कुरकुरू शकतं. दमट हवेनं थोडा दिलासा मिळतो, पण त्यावर विसंबू नका. चेन्नईसाठी मी टायमिंग एक-दोन अंश मागंच ठेवतो.

हे मी शिकलो ते पिस्टन घालवून. कार्ब्युरेटरच्या काळातली गोष्ट, आमची टू-स्ट्रोक आरएक्स १३५ होती. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळच्या गार हवेत इथं जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बसवले होते. चेन्नईला कुणीतरी विमानाचं पेट्रोल दिलं. ऑक्टेन भरपूर, वास झकास, आम्ही हरखलो. चौथ्या फेरीत गाडी सीझ, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला. परतीच्या रेल्वेत मी त्या पेट्रोलाला रात्रभर शिव्या घातल्या. इथं येऊन शांतपणे मांडल्यावर कळलं की पेट्रोल निर्दोष होतं. हवा समुद्रसपाटीची, दाट. पेट्रोल नेहमीपेक्षा हलकं, म्हणजे त्याच जेटमधून वजनानं कमी जाणारं. आणि मी जेट बदललेच नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकल्या आणि गाडी लीन झाली. टू-स्ट्रोकला लीन म्हणजे थेट सीझ.

विमानाच्या पेट्रोलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आजही कुणी ना कुणी सुचवतं. आपल्या ओळखीचं १०० एलएल हे शिसंयुक्त पेट्रोल आहे, लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शिसं. तुमचा ऑक्सिजन सेन्सर त्यानं थोड्याच वेळात मरेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तोही. गाडीचं शिसंयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झालं ते काही उगाच नव्हे. गॅरेजमध्ये तुम्ही त्याची वाफ घेता, हात त्यात बुडवता. रेसच्या नियमांतही ते बसत नाही.

बूस्टरबद्दल माझं मत बरं नाही. काहींमध्ये मँगनीजचं संयुग असतं, प्लगवर तांबूस-नारिंगी थर बसतो. काहींमध्ये लोखंडाचं, ते तर प्लगवर विजेला वाट करून देतं आणि मिसफायर सुरू होतो. प्लग वाचून निदान करणाऱ्या माझ्यासारख्याची तर ते भाषाच पुसून टाकतात. अडीअडचणीला, नियमात बसत असेल तर, मोजून घालावं. ‘अर्धी बाटली अर्ध्या टाकीला’ हे मोजमाप नव्हे.

टोल्युइनही कुणीतरी सुचवेलच, कारण एमआयडीसीत ते मिळतं. हिशेब दिसायला छान आहे, आरओएन १२० च्या घरात, वीस टक्के घातलं की ९५ चं १०० होतं. मी केलंय हे. एका मोसमात फ्युएल पाइप फुगले, ओ-रिंगा मऊ पडल्या. ते ११० अंशांवर उकळतं म्हणून थंड इंजिन चालू व्हायला कुरकुर करतं. आणि रंगाच्या दुकानात थिनर म्हणून जे मिळतं त्यात टोल्युइन किती आणि बाकी काय, देवाला ठाऊक. वाफ मेंदूला चढते ती वेगळीच. नको.

परदेशी रेस फ्युएल दोन जातींचं. एक फक्त जास्त ऑक्टेनचं, ते १३.५ किंवा १४ कॉम्प्रेशनच्या इंजिनांसाठी, तुमच्या कामाचं नाही. दुसरं ऑक्सिजन मिसळलेलं. ते इंधन स्वतःसोबत ऑक्सिजन आणतं, म्हणून खरोखर थोडी ताकद देतं. पण त्याला मॅप वेगळा लागतो, रोज संध्याकाळी टाकी आणि पाइप रिकामे करावे लागतात, नाहीतर सील आणि पंप खराब होतात. किंमत साध्या पेट्रोलाच्या कित्येक पट. तुमचं इंजिन १८ पीएसचं. समजा तीन टक्के मिळाले, तर अर्धा पीएस. त्या पैशात टायरचा एक जोड आणि ट्रॅकचा एक सराव दिवस येतो. पहिल्या मोसमात कोपऱ्यात सेकंद जातात, सरळ रस्त्यावर दशांश. पेट्रोलानंच वेळ कमी करायचा असेल तर एक फुकटचा उपाय आहे. टाकी भरून निघू नका. लिटरमागं पाऊण किलो वजन असतं. रेसला तीन लिटर लागणार असेल तर चार घाला, अकरा नव्हे. वजन कमी झालं की ब्रेकिंगलाही फरक जाणवतो. फक्त टाकीतला फ्युएल पंप पेट्रोलाऐवजी हवा ओढणार नाही एवढं सरावात आधी तपासा.

साठवणीचं थोडं, कारण आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ ला जातो. अशा वेळी पेट्रोलातला हलका भाग आधी उडून जातो, आणि गाडी सहज चालू होते ती त्या हलक्या भागामुळे. उघडझाप केलेल्या, उन्हात ठेवलेल्या कॅनमधलं महागडं पेट्रोल महिन्याभरानं तुम्ही विकत घेतलेलं पेट्रोल राहत नाही. ई२०ला दुसरा शत्रू पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि प्रमाणाबाहेर पाणी शिरलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. पंपाची जाळी नेमकी तळाशी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवू नका.

कॅन धातूचाच घ्या. कायद्यानंही तेच आहे. परवान्याशिवाय घरी किंवा सोबत जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल, तेही विक्रीसाठी नसेल तर, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. तेलाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोल वाहून नेणारे मी रोज बघतो. एसटीत किंवा रेल्वेत तर नेऊच नका. गाडी रेल्वे पार्सलनं पाठवत असाल तर टाकीही रिकामी करावी लागते. पिकअपनं विजापूरमार्गे बंगळूरकडे निघालात तर कॅन सावलीत, उभा, बांधलेला आणि थोडी जागा रिकामी सोडलेला हवा, पेट्रोल तापून फुगतं.

हे सगळं ‘अवलंबून आहे’ या सदरातलं आहे हे मला मान्य आहे. तुमचं कॉम्प्रेशन १२ च्या आत निघालं तर मी म्हणेन, ट्रॅकवर जे मिळतं त्याच जातीचं पेट्रोल इथल्या चांगला खप असलेल्या एकाच पंपावरून ताजं घ्या, त्यावर मॅप बसवा, बाकी पैसे टायरला. १२.६ निघालं आणि नियमात फक्त पंपाचं पेट्रोल असेल, तर पेट्रोल शोधत फिरण्यापेक्षा थोडी जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन खाली आणणं स्वस्त पडेल. पण गॅस्केट जाड केली की पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली फट वाढते आणि त्यानं नॉकिंगला उलट मदतही होऊ शकते, म्हणून तेही मोजूनच. १०० ऑक्टेन नियमात बसत असेल आणि डायनोवर गरज दिसली, तरच पुण्याच्या फेऱ्या. आणि मग सराव, ट्यूनिंग, रेस, तिन्ही त्यावरच.

बुरेट आणि अॅक्रिलिकची पट्टी माझ्याकडे अक्कलकोट रोडच्या गॅरेजवर आहे. रविवारी सकाळी मी कामं घेत नाही. हेड सोडवून घेऊन या, सोबत जुनी गॅस्केटही आणा, फेकली नसेल तर. दाबली गेलेली जाडी तिच्यावरूनच कळते. आणि प्लग काढलेत तर पुसू नका, आहेत तसे कागदात गुंडाळून आणा.